शेवटच्या नळापासून मोजणारे सोनकांबळे सर

आदरणीय ग्यानोबा सोनकांबळे सरांची आणि माझी पहिली भेट सात वर्षांपूर्वी लातूरला, आमच्या कार्यालयात झाली. खेड्यांतल्या नळयोजनांचे आराखडे करून देणाऱ्या एका खासगी संस्थेत मी नुकतीच अभियंता म्हणून लागले होते. सरांना निवृत्त होऊन दहा वर्षे झाली होती. सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली, म्हणून आमचे आराखडे मंजुरीला जाण्याआधी सरांनी एकदा तपासावेत अशी व्यवस्था संस्थेने केली होती. नांदेडहून सकाळच्या एसटीने ते आले. दाराबाहेर चपला काढल्या. इथे कुणी चपला काढत नाही, असे मी म्हटले. "पायाला सवय हाय," एवढेच ते म्हणाले आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

माझ्या पडद्यावर शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावाची योजना होती. टाकी, मुख्य नलिका, तिचे फाटे, जागोजागचा दाब, सगळे वेगवेगळ्या रंगांत. मला त्या नकाशाचा अभिमान होता. सरांनी टाकीकडे पाहिलेच नाही.

"शेवटचा नळ कुणाच्या दारात हाय?" त्यांनी विचारले.

नकाशावरचा बिंदू, नोड क्रमांक सत्तेचाळीस, असे मी सांगितले.

"नोडला तहान लागते का, माय?"

मी गावात गेलेच नव्हते. मोजणी दुसऱ्यांनी केली होती आणि आकडे माझ्याकडे आले होते. पुढच्या आठवड्यात मी स्वतः गेले. शेवटचा नळ ओढ्यापलीकडच्या मातंग वस्तीत, सरूबाई नावाच्या एका आजींच्या दारात येणार होता. सर पुन्हा आले तेव्हा मी ते नाव सांगितले. छापील नकाशावर, सत्तेचाळीस या आकड्याशेजारी, त्यांनी पेन्सिलीने 'सरूबाई' असे लिहिले. मग त्यांचे बोट वस्तीकडे वळणाऱ्या फाट्यावर थांबले. तिथे मी एक व्हॉल्व्ह दाखवला होता.

कारण साधे होते. वस्ती गावाच्या उताराला आहे. पाणी खाली आधी धावते. फाटा मोकळा सोडला तर वरच्या गल्लीतल्या घरांना दाब कमी पडतो. व्हॉल्व्ह असला की फाटा हवा तेवढा आवळता येतो. सरांनी गणित तपासले, बरोबर आहे म्हणाले, आणि याची चावी कुणाकडे राहील असे विचारले. पाणी सोडणाऱ्या माणसाकडे, मी म्हटले. त्यावर त्यांनी व्हॉल्व्हऐवजी चकती सुचवली. नळाच्या दोन तुकड्यांच्या जोडात एक लोखंडी चकती बसवायची आणि तिच्या मध्यभागी हिशेबाने एक भोक पाडायचे. भोकातून जेवढे जायचे तेवढेच पाणी जाते. कुणाला ते वाढवता येत नाही आणि कमीही करता येत नाही. मी म्हटले, सर, चकती बसवली की नंतर बदल करता येणार नाही.

"बदल करता येऊ नये म्हणूनच तर बसवायची," सर म्हणाले.

मला तो विचार मागासलेला वाटला. त्या दिवशी मनात हाच शब्द आला होता, म्हणून तो इथे तसाच लिहिते. आराखड्यात व्हॉल्व्ह राहिला. सरांनी सही केली आणि सहीखाली एक ओळ लिहिली: चकतीची सूचना केली होती. ती ओळ कुणी वाचली नाही.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी गौरव समितीने मला 'सरांचे तांत्रिक योगदान' हा विषय दिला आहे. सामाजिक भाग इतर लेखक पाहणार आहेत. मला हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत. त्या व्हॉल्व्हमुळे पुढे वस्तीतल्या बेचाळीस घरांचे पाणी अडले. ते कुणी अडवले हे गावाला माहीत होते. कशाने अडवले ते माझ्या नकाशात होते. सरांचे काम मला खरे कळले ते या चुकीमुळे, म्हणून सरांविषयी लिहिताना तिच्याविषयीही लिहावे लागेल.

सर मूळचे मुदखेडचे. वडील रेल्वेच्या रुळांवर काम करीत. वसतिगृहात राहून सर शिकले आणि नांदेडला एका कचेरीत अनुरेखक म्हणून लागले. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ठेवून शाईने त्याची हुबेहूब प्रत काढायची, हे अनुरेखकाचे काम. त्या कचेरीत पाण्याचा एक रांजण होता. इतरांनी ओगराळ्याने पाणी घ्यावे आणि सरांना शिपायाने वरून ओतावे, अशी तिथली रीत होती. पुढे कुणीतरी सुचवले की सोनकांबळ्यांनी आपला पेला आणावा. सरांनी आणला. तो खिडकीशेजारी वेगळ्या खिळ्यावर टांगलेला असे. एकदा नवे आलेले मोठे साहेब भर उन्हातून आत शिरले आणि जवळचा म्हणून तोच पेला घेऊन घटाघटा पाणी प्याले.  हा प्रसंग सांगताना सर फार हसतात. साहेब बाटले का पेला सुधारला, यावर दोन दिवस कुजबुज चालली होती म्हणे. तिसऱ्या दिवशी पेला खिळ्यावर नव्हता. नवा आणा असे कुणी म्हणाले नाही, आणि सरांनी ओगराळे हातात घेतले.

नोकरी करता करता त्यांनी पदविका घेतली आणि शाखा अभियंता म्हणून ते निवृत्त झाले. त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. गावात गेले की टाकीवर जायचे नाही. आधी शेवटचा नळ गाठायचा, तिथला दाब मोजायचा आणि तिथून उलटे चालत टाकीपर्यंत यायचे. यामुळे मोजणीला दुप्पट वेळ लागतो, अशी तक्रार त्यांच्याविरुद्ध झाली होती. ती खरी होती. एका गावात तिथल्या पाटलांनी चारचौघांत त्यांना "ग्यान्या" अशी हाक मारली. सरांनी "जी, पाटील" म्हणून ओ दिली आणि पाटलांच्या दारातला दाब सर्वांत शेवटी, ऊन उतरल्यावर मोजला. "वळखीचे होते," सर म्हणतात. "त्यांना कशाची घाई?"

जमिनीची उंची मोजताना जी वही भरतात तिच्यात आकड्यांशेजारी 'शेरा' नावाचा रकाना असतो. झाड, पूल, देऊळ अशा खुणा तिथे लिहायच्या. सर तिथे आणखी एक नोंद ठेवीत: त्या गावात त्यांना पाणी कसे मिळाले. 'वरून' म्हणजे ओंजळीत ओतले. 'वेगळा' म्हणजे वेगळा पेला. 'तांब्या' म्हणजे घरातला तांब्या हातात दिला. 'नाही' म्हणजे नाही. कुठेही विशेषण नाही, उद्गार नाही. अशा सदतीस वह्या आहेत. त्या स्कॅन करण्यासाठी सरांनी माझ्याकडे दिल्या आहेत आणि बहुतेक मी पाहिल्या आहेत. जुन्या वह्यांत 'वरून' पुष्कळ आहे. नंतर 'वेगळा' वाढतो, मधूनच 'तांब्या' दिसतो. अलीकडच्या वह्यांत जवळपास सगळीकडे एकच शब्द आहे: 'बाटली'. म्हणजे परिस्थिती सुधारली, असे मी एकदा म्हटले.

सरांनी मान हलवली. "सीलबंद बाटलीनं लई सोय केली, माय. आता कुणाला इटाळ पाळावा लागत न्हाई अन् सोडावा बी लागत न्हाई."

त्यांच्या चांगुलपणाविषयी इतर लेखक लिहितीलच. मी दोनच गोष्टी लिहिते. कामाच्या गावी दिवसभर फिरताना स्त्री अभियंत्याची जी अडचण होते ती आमच्या संस्थेत कुणाच्या लक्षात आली नव्हती. सर गावात पोहोचले की पहिल्यांदा अंगणवाडीच्या ताईंना गाठत आणि मॅडमना इथली लेव्हल बघायची आहे, तासाभराने पुन्हा बघायची आहे, असे सांगून दूर झाडाखाली जाऊन उभे राहत. ताईंना कळत असे. मला कळायला तीन गावे लागली.

दुसरी गोष्ट त्यांच्या नांदेडच्या घरची. मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काकूंनी ताट वाढून वर सांगितले, "आज निस्तं वरण अन् दोडक्याची भाजी हाय गं. तुमच्याकडलं काहीच मोडत न्हाई, बिनघोर जेव." मी उदगीरच्या लिंगायत घरातली, हे त्यांनी लक्षात ठेवले होते. मी जेवले. पण ताटाशेजारच्या पेल्यातले पाणी मी जेवण निम्मे झाल्यावर प्यायले. ठरवून केले नव्हते. हात गेला नाही. काकूंनी पाहिले की नाही, माहीत नाही. मी स्वतःला पाहिले.

आता त्या गावाविषयी.

मंजुरी आणि बांधकामात चार-पाच वर्षे गेल्यावर योजना सुरू झाली आणि सरूबाईंच्या नळाला वर्षभर नीट पाणी आले. मग गावची जत्रा आली. जत्रेत मातंग वस्तीने हलगी वाजवायची, ही तिथली रीत. वाजवणारे देवळाच्या पायरीखाली उभे राहतात आणि प्रसाद त्यांच्या पदरात वरून टाकला जातो. मागच्या वर्षी वस्तीतल्या तरुणांनी कळवले की वाजवू, पण आधी आत जाऊन दर्शन घेऊ. गावाने परगावचा बँड आणला. जत्रा उलटून आठ दिवस होत नाहीत तोच वस्तीतले नळ बारीक झाले.

आमच्याकडे अर्ज आला तो 'कमी दाब' या नावाने. मी जाऊन मोजले. टाकीखाली दाब पुरेसा, वरच्या गल्लीत गरजेपेक्षा जास्त, वस्तीत जवळजवळ शून्य. नलिकेत हवा अडकली असावी, असे मी अहवालात लिहिले. असे होऊ शकते. सरांनी फोनवर ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने आले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते, उजव्या गुडघ्याला पट्टा होता.

अर्थात आम्ही आधी सरूबाईंकडे गेलो. "बघा साहेब," त्या म्हणाल्या, "नळ हाय, तोटी हाय, मीटर बी हाय. लगीन लागलंय, निस्ता नवराच यायचा ऱ्हायलाय." सर मनापासून हसले. पंधरा लिटरची बादली तोटीखाली ठेवून मी घड्याळ लावले. बादली भरायला सव्वीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात सरूबाईंनी मला लग्न, पगार आणि जात या तिन्ही गोष्टी विचारल्या. मी पहिल्या दोन सांगितल्या. तिसरी त्यांना आडनावावरून कळलीच होती.

मग आम्ही व्हॉल्व्हपाशी आलो. गावात पाणी सोडण्याचे काम नागनाथ नावाचा माणूस करतो. त्याने चेंबरचे झाकण उचलले आणि लांब दांड्याची चावी माझ्या हातात दिली. तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला सतरा फेरे लागतात. मी बंद करत गेले आणि दीड फेऱ्यात चावी अडली. म्हणजे सतरापैकी दीडच फेरा तो उघडा होता. हे गंजाने किंवा हवेने होत नाही. मी नागनाथला विचारले की एवढाच का उघडा ठेवलास.

"पूर्ण बंद केला तर बातमी होती, ताई," तो म्हणाला. "थोडा चालू ठेवला की निस्ती तक्रार होती. मला सांगितलं तसं करायलोय." कुणी सांगितले असे विचारल्यावर तो झाकणावरची माती झटकू लागला. मी पूर्ण सतरा फेरे उघडून ठेवले. आम्ही परतल्यावर संध्याकाळपर्यंत ते पुन्हा दीड झाले, हे सरूबाईंच्या नातीने फोनवर कळवले.

गाव सोडण्याआधी आम्ही ग्रामपंचायतीत बसलो होतो. उपसरपंचांनी आदराने बोलावले. मला स्टीलच्या पेल्यात पाणी आले, सरांसमोर सीलबंद बाटली. साहेबांना शहरातलेच पाणी सोसत असेल, असे उपसरपंच म्हणाले. मी मुदखेडचा आहे, मला सगळे सोसते, असे सर म्हणाले आणि त्यांनी बाटली न उघडता बाजूला ठेवली. मी व्हॉल्व्हचा विषय काढला. उपसरपंच चिडले नाहीत. त्यांनी कपाटातून आमच्या संस्थेचाच अहवाल काढला आणि एका पानावर बोट ठेवले.

"वाल आम्ही बसवला का, मॅडम? तुमच्याच नकाशात हाय. वरच्या गल्लीला दाब मिळावा म्हणून आवळायचा, असं लेखी हाय. आम्ही लेखीच्या बाहेर जात न्हाई."

वाक्य माझेच होते.

परतीच्या वाटेवर एसटीत सरांनी मला पुढचे सांगितले. पोलिसांत जायचे की नाही, हे वस्ती ठरवील. ते त्यांच्या वतीने आपण ठरवायचे नाही. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगितले होते की आधी पाणी. ते आपल्या हातात आहे. व्हॉल्व्ह आराखड्यात आहे तोवर कुणीही तो काढू शकत नाही. ज्याने आराखडा केला त्याने चूक झाली असे लिहून दिले तर मात्र काढता येतो. आराखड्यावर माझी सही होती.

मी लगेच लिहून दिले नाही. तपासणीच्या छापील तक्त्यात कारणासाठी तीन पर्याय होते: तांत्रिक, वीज, देखभाल. मी 'देखभाल' वर खूण केली. वरिष्ठांनाही तेच सोयीचे होते. देखभाल गावाची, आराखडा आमचा. त्या महिन्यात माझ्या बढतीचा विचार चालू होता. सरांनी तक्ता वाचला. "खोटं न्हाई लिहिलं तुम्ही," ते म्हणाले. "पण यानं वाल निघत न्हाई." एरवी ते मला 'माय' म्हणतात. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाले. पुढे त्यांनी हा विषय काढला नाही, फोनही केला नाही. सहा आठवडे गेले. सव्वीस मिनिटांना एक बादली, या दराने सहा आठवड्यांत बेचाळीस घरांचे किती पाणी बुडाले हे गणित मला येते. त्या सहा आठवड्यांत मी ते केले नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी उदगीरजवळच्या एका कामासाठी सर, माझे दोन सहकारी आणि मी असे चौघे गेलो. माझ्या वडिलांचे किराणा-भुसाराचे दुकान उदगीरला आहे, मागे घर. जवळून जाताना चहा घेतल्याशिवाय वडिलांनी सोडले नाही. जातिभेद मानू नये असे सांगून गेलेल्या संतांची तसबीर आमच्या बैठकीत आहे, तिला रोज हार असतो. आईने ट्रे आणला. तीन कप स्टीलचे होते, एक कागदी. ट्रे फिरला तो अशा रीतीने की कागदी कप सरांपाशी थांबला. सरांनी चहा घेतला, आले छान लागले आहे असे आईला सांगितले, आणि संपल्यावर उठून तो कप स्वतः परसात नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला. इतरांचे कप ट्रेमध्ये तसेच होते. मी काहीही बोलले नाही. सर्वांसमोर बोलले असते तर सरांनाच अवघडल्यासारखे झाले असते, असे मी स्वतःला सांगितले. ते निम्मेच खरे आहे.

सर गेल्यावर मी आईला विचारले. कागदी कप बरा, धुवायचा त्रास नाही, असे ती म्हणाली. मग चारही कागदी का नाही दिलेस, असे मी विचारले. ती ट्रे पुसू लागली. आई वाईट बाई नाही. दारात आलेल्या कुणालाही तिने उपाशी जाऊ दिलेले नाही.

"तुला सगळंच मोजायची खोड लागली," ती म्हणाली.

त्या दिवसाची वही माझ्याकडच्या सदतीस वह्यांत आहे. बाकीच्या स्कॅन झाल्या. ती मी अजून उघडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी लातूरला आल्याबरोबर मी दुरुस्तीचे टिपण लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात 'सद्यस्थितीत सदर व्हॉल्व्हची आवश्यकता दिसून येत नाही' असे वाक्य होते. सरांना पाठवले. त्यांनी उत्तरात एवढेच विचारले की हे सरूबाईंना वाचून दाखवले तर त्यांना काय कळेल. मी पुन्हा लिहिले: "हा व्हॉल्व्ह चुकीच्या जागी आहे. ती जागा मी ठरवली. जातीच्या कारणाने वस्तीचे पाणी रोखण्यासाठी तो वापरला गेला आहे. म्हणून या फाट्यावर हाताने फिरवता येईल असे काहीही असू नये." तिसरे वाक्य काढावे, असे वरिष्ठांचे म्हणणे पडले. अभियंत्याने जातीवर अभिप्राय देऊ नये, असे ते म्हणाले. मी सांगितले की हा अभिप्राय नाही, निरीक्षण आहे. फेरे मी स्वतः मोजले आहेत. वाक्य राहिले. बढती त्या वर्षी मिळाली नाही. ती या वाक्यामुळेच हुकली असे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसे लिहीत नाही.

यंदा उन्हाळ्याआधी चकती बसली. सर आले होते. सरूबाईंची बादली दोन मिनिटे चाळीस सेकंदांत भरली. आता गप्पा मारायलाही वेळ मिळत नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी चहा ठेवला, कप माझ्यापुढे धरला आणि क्षणभर थांबल्या.

"चालतंय का, लेकी?"

चालते, असे म्हणणेही मला बरोबर वाटले नाही. मी कप घेतला. सर तेव्हा दाबाचा आकडा वहीत लिहीत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

काम तिथे संपले, असे मला वाटले. सर मला वरच्या गल्लीत घेऊन गेले. तिथला दाब आधीपेक्षा कमी भरला. कमी, पण नियमानुसार पुरेसा. तो तिथल्या लोकांना आपण होऊन सांगायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. वस्तीचा नळ आवळलेला असताना इथे जे जास्त येत होते ते आता इथल्या बायकांना आपले वाटू लागले होते. आमचे पाणी तोडले, असे एकीने सुनावले. "तोडलं न्हाई, बाई," सर म्हणाले. "वाटून आलं." ती दार लावून आत गेली. सर गुडघा धरून पायरीवर बसले आणि म्हणाले, पुढच्या दारी चला. त्या दिवशी आम्ही एकोणीस दारे केली. चार घरांनी ऐकून घेतले.

गेल्या महिन्यात त्या गावचा नवा अर्ज माझ्या टेबलावर आला. चकती गैरसोयीची आहे. तिच्या जागी वरच्या गल्लीच्या दाबासाठी आवळता येईल असा व्हॉल्व्ह बसवावा. भाषा सभ्य आहे. वस्तीचा उल्लेख कुठेही नाही. निम्मी वाक्ये माझ्या जुन्या अहवालातली आहेत, म्हणून त्यांत तांत्रिक चूक काढता येत नाही. हा अर्ज पुन्हा येईल, मी नसताना येईल. त्या वेळी टेबलामागे बसलेल्याला तो मला वाटला होता तसाच निरुपद्रवी वाटेल. या विचाराने मला चैन पडत नाही, आणि पडू नये असेच वाटते.

सर या महिन्यात पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे. गुडघ्याने त्यांना साथ द्यावी, आणि काकूंनी आखून दिलेल्या औषधांच्या वेळा त्यांनी, निदान एसटीत बसलेले नसताना, पाळाव्यात. त्यांनी आता फिरणे थांबवावे, असे मी म्हणणार नाही. ते ऐकणार नाहीत. पण यापुढे जिथे जातील तिथे ते पाहुणे म्हणून जावेत. दाब मोजायचे आणि जाब विचारायचे काम आम्ही आधी जाऊन उरकलेले असावे.

तो अर्ज मी नामंजूर केला आहे. कारणाच्या रकान्यात जात हा शब्द लिहिला आहे, खाली माझी सही आहे. लिहिण्याआधी सरांना विचारले नाही आणि नंतरही सांगितलेले नाही. हा ग्रंथ त्यांच्या हाती पडेल तेव्हा त्यांना कळेल.